परिपाठातली आरती-स्तोत्रं आणि कलम २८ : पाल्याला सूट हवी असेल तर अर्ज कसा आणि कुणाकडे?

पांडवकडा

शाळा खारघरची, खासगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यम. पाल्य चौथीत. परिपाठात रोज स्तोत्र, गुरुवारी आरती, वर्षातून एकदा सत्यनारायण. पूजेला मुलांना वर्गावर्गाने आणून बसवतात. पालक दोघेही नास्तिक. शाळेची पूजा बंद पाडायची नाही, मुलीला त्यात बसवू नये एवढंच हवंय. चार गोष्टी विचारायच्या आहेत.

शाळेचं म्हणणं, "आम्ही सरकारी पैसा घेत नाही, त्यामुळे ते संविधानाचं कलम आम्हाला लागू नाही." हे बरोबर आहे का?

अर्ज मुख्याध्यापकांना द्यायचा की थेट ठाणे जिल्हा परिषदेत?

सत्यनारायणासाठी ३०० रुपये 'उत्सव निधी' मागतात. सक्तीचा आहे का?

अमेरिकेत धर्म आणि शासन वेगळं ठेवण्यावर बरेच निकाल आहेत. ते अर्जाला जोडले तर वजन पडेल का?

---

खाडीपूल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : शाळा चूक सांगतेय. मात्र ही चूक इतकी सर्रास होते की नीट समजून घेतलेली बरी.

कलम २८ मध्ये तीन पोटकलमं आहेत आणि लोक पहिलं वाचून थांबतात. २८(१) म्हणतं, जी संस्था पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. तिथे पालकांच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. महापालिकेची शाळा, जिल्हा परिषदेची शाळा यात येतात. २८(२) हा अपवाद आहे. एखाद्या दानपत्राने किंवा न्यासाने स्थापन झालेली संस्था शासन चालवत असेल आणि त्या न्यासाचीच धार्मिक शिक्षणाची अट असेल, तर पहिलं पोटकलम लागत नाही. तुमच्या कामाचं आहे २८(३). त्यात शब्द आहेत 'राज्याने मान्यता दिलेल्या *अथवा* राज्य निधीतून साहाय्य मिळणाऱ्या' संस्था. या 'अथवा'वर बोट ठेवा. अनुदान नसलं तरी मान्यता आहे ना? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १८ प्रमाणे मान्यता नसलेली शाळा चालवताच येत नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळासुद्धा मान्यतेवरच उभी असते. म्हणजे २८(३) लागू. धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळाही यातून सुटत नाहीत. कलम ३० त्यांना संस्था चालवायचा हक्क देतं, दुसऱ्याच्या मुलाला चॅपलमध्ये (ख्रिस्ती प्रार्थनागृहात) बसवायचा नाही.

आता यातला खरा मुद्दा, जो शाळा आणि पालक दोघेही उलटा समजतात. २८(३) मध्ये पालकाने 'सूट मागायची' असं नाही. अज्ञान म्हणजे वयाने सज्ञान नसलेल्या मुलाच्या पालकाने संमती *दिली असल्याखेरीज* त्याला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. तेव्हा संमती घेणं हे शाळेचं काम. पालक गप्प बसले म्हणून संमती झाली असं होत नाही. शाळा हमखास प्रवेश अर्जावरचं ते वाक्य दाखवते, 'शाळेचे सर्व नियम व उपक्रम मला मान्य आहेत'. ती उपासनेला दिलेली संमती आहे की नाही यावर वाद घालत बसू नका. अर्जात सरळ लिहा की तशी संमती नव्हती, आणि तिचा तसा अर्थ लावला जात असेल तर ती आजपासून मागे घेत आहोत. एका ओळीत विषय मिटतो.

निकालांपैकी दोन जोडण्यासारखे. मुंबई उच्च न्यायालय, २०१३, संजय साळवे विरुद्ध महाराष्ट्र शासन : नाशिकच्या शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली, न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांच्या विरुद्ध ठरवली. दुसरा, बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९८६ : राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी पण श्रद्धेपोटी न गाणारी मुलं शाळेतून काढली होती, ती परत घ्यायला लावली. दुसऱ्या निकालाचा उपयोग एवढाच की आदराने उभं राहणं आणि सहभागी होणं या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या मानल्या.

केरळ उच्च न्यायालयाचा २०२० चा एक निकाल मान्यताप्राप्त खासगी शाळेने एकाच धर्माचं शिक्षण देण्याच्या विरोधात आहे. वाचून ठेवा. मात्र तो आपल्याकडे बंधनकारक नाही. म्हणून मुख्य अर्जात नको.

---

घोडबंदरवाला

खाडीपूल यांनी कायदा सांगितला, मी कागदाचं सांगतो. बहुतेक अर्ज कागदावरच मरतात.

आधी कार्यालय. खारघर म्हणजे नवी मुंबई हे बोलायला ठीक. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल महानगरपालिकेत आणि जिल्हा रायगड. उलवेही रायगडच. त्यामुळे तुमचे शिक्षणाधिकारी ठाण्याला नाहीत, अलिबागला आहेत. ठाणे जिल्हा परिषदेत अर्ज टाकलात तर तो 'कार्यक्षेत्राबाहेर' असा शेरा घेऊन दोन महिन्यांनी परत येईल, किंवा येणारच नाही. खात्री करायची असेल तर शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) बघा. दाखल्यावर किंवा प्रगतिपुस्तकावर असतो. २७२१ ने सुरू होत असेल तर ठाणे, २७२४ असेल तर रायगड. यूडायसच्या संकेतस्थळावर हाच क्रमांक टाकला की व्यवस्थापनाचा प्रकारही दिसतो : स्थानिक संस्था, अनुदानित, विनाअनुदानित. त्या पानाची प्रिंट अर्जाला जोडा. 'आम्हाला लागू नाही'चं निम्मं उत्तर तिथेच होतं.

चौथी म्हणजे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). नववी-दहावीसाठी (माध्यमिक). पाकिटावर हा कंस चुकला तरी फाइल टेबलाटेबलांवर फिरत बसते.

पण पहिला अर्ज मुख्याध्यापकांनाच द्या. वरच्या कार्यालयात गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, 'शाळेला लेखी दिलं होतं का?' वर्गशिक्षिकेशी झालेलं बोलणं आणि व्हॉट्सअॅपवरचा निरोप यांना कागद म्हणून काही किंमत नाही. दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. शिपाई 'ठेवून जा' म्हणाला तर ठेवून जाऊ नका. शिक्का देतच नसतील तर पोस्टातून पोचपावतीसह नोंदणीकृत पाठवा, ती पोचही चालते.

मजकूर असा ठेवा, यापेक्षा लांबवू नका :

*प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : भारतीय संविधानाच्या कलम २८(३) नुसार धार्मिक उपासनेस संमती नसल्याबाबत. आमची पाल्य (नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक) हिने शाळेतील आरती, स्तोत्रपठण, पूजा अथवा अन्य धार्मिक उपासनेत सहभागी व्हावे किंवा त्यास उपस्थित राहावे यास आम्ही पालक म्हणून संमती देत नाही. प्रवेश अर्जातील कोणत्याही मजकुराचा अर्थ अशी संमती असा लावला जात असल्यास ती या पत्राद्वारे मागे घेत आहोत. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, बातम्या, सुविचार इत्यादी परिपाठातील अन्य भागात ती नियमित सहभागी होईल. उपासनेच्या वेळेत तिला वर्गात किंवा ग्रंथालयात शिक्षकांच्या देखरेखीखाली बसू द्यावे. या कारणास्तव हजेरी, श्रेणी व अन्य उपक्रमांवर परिणाम होऊ नये. घेतलेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.*

खाली आई आणि वडील दोघांच्या सह्या. एकाच्याच सहीवर अर्ज गेला की शाळा दुसऱ्याला फोन लावते, आणि घरातच दोन मतं निघाली तर अर्ज तिथेच संपतो. तारीख आणि पाल्याचं नाव दाखल्यावर आहे तसंच हवं.

'देखरेखीखाली' हा शब्द गाळू नका. शाळा सगळ्यात आधी सुरक्षेचं कारण काढते, की एकटं मूल वर्गात ठेवता येत नाही. त्याची सोय अर्जातच केलेली बरी. आणि 'परिपाठातून सूट' असं चुकूनही लिहू नका. परिपाठ हा शाळेच्या वेळेचाच भाग आहे, त्याला नाही आलं की गैरहजेरी किंवा उशिराचा शेरा लागू शकतो.

---

उपवन

वरच्या मजकुरात एक दुरुस्ती सुचवतो. 'ग्रंथालयात बसू द्यावे' च्या पुढे 'किंवा रांगेत शांत उभे राहू द्यावे' हा पर्याय टाका, आणि कोणता घ्यायचा ते मुलीला विचारून ठरवा. रोज सगळ्यांच्या देखत रांग सोडून एकटीने वर जाणं नऊ वर्षांच्या मुलीला जड जातं. कायद्याने उपस्थितीही नाकारता येते, मान्य. पण रोजच्या दोन मिनिटांच्या स्तोत्राला नुसतं उभं राहायचं आणि सत्यनारायणाला मात्र बसायचंच नाही, अशी वाटणी बऱ्याच मुलांना सोयीची वाटते. पालकांच्या तत्त्वाचा भार मुलांच्या डोक्यावर किती टाकायचा याचा विचार अर्ज लिहिण्याआधी करावा, नंतर नको.

दुसरं म्हणजे, 'धार्मिक' ची हद्द तुम्हाला वाटते तितकी लांब नाही. अरुणा रॉय खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की धर्मांचा अभ्यास, त्यातली मूल्यं शिकवणं म्हणजे २८(१) मधलं धार्मिक शिक्षण नव्हे. त्याआधी १९७१ च्या डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या जीवनावरच्या अभ्यासालाही न्यायालयाने हरकत घेतली नव्हती. म्हणजे मराठीच्या पुस्तकातला अभंग, वारीवरचा धडा, नाताळवरचा निबंध, किल्ल्यावरच्या देवळाची सहल, यातलं काही तुमच्या अर्जात येत नाही. ते घुसडलंत की मुख्याध्यापकांना 'हे पालक अभ्यासक्रमालाच विरोध करतात' असं म्हणायची सोय होते.

मधला पट्टा वादाचा आहे. देवाचं नाव नसलेली संस्कृत प्रार्थना उपासना की संस्कार? केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेवरची याचिका २०१९ च्या जानेवारीत मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यात आली. त्यामुळे खाडीपूल म्हणतात तितकं सगळं पक्कं नाही. आरती आणि पूजा मात्र कुठल्याही व्याख्येने उपासनाच, तिथे घट्ट उभे राहा.

---

खाडीपूल

उपवन यांची रांगेत उभं राहण्याची सूचना मान्य. हद्दीचंही बरोबर, म्हणूनच अर्जात 'आरती, स्तोत्रपठण, पूजा' अशी नावं घेतलीत, 'प्रार्थना' हा मोघम शब्द नाही.

३०० रुपयांबद्दल. लोक इथे कलम २७ काढतात, ते लागू नाही. कलम २७ हे *करा*बद्दल आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, एवढंच ते म्हणतं. तेही फार जपून वापरलं जातं. हज अनुदानावरच्या २०११ च्या प्रफुल्ल गोराडिया निकालात न्यायालयाने म्हटलं की एकूण करातला थोडासा भाग असा खर्च झाला म्हणून कलम २७ मोडत नाही. अनुदान पुढे बंद झालं ते २०१२ च्या वेगळ्या आदेशाने घालून दिलेल्या मुदतीमुळे आणि २०१८ च्या सरकारी निर्णयाने.

खासगी शाळेची वर्गणी हा शुल्काचा विषय आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ प्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शुल्क मंजूर होतं. मंजूर पत्रकात 'उत्सव निधी' नसेल तर तो ऐच्छिक आहे. मुख्याध्यापकांना एवढंच विचारा : मंजूर शुल्कपत्रकात हे कुठल्या शीर्षाखाली आहे आणि पावती कोणाच्या नावाने मिळेल? कोऱ्या चिठ्ठीवर पैसे मागणारे पावतीचं नाव काढलं की सहसा आवाज खाली आणतात.

---

पारसिकचा बोगदा

अमेरिकेच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. ते निकाल जोडू नका. वजन पडणार नाही, उलट अर्ज परदेशी वाटेल.

तिथली रचनाच वेगळी आहे. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने तिथल्या काँग्रेसला (म्हणजे संसदेला) कोणताही धर्म प्रस्थापित करणारा कायदा करायला बंदी केली. धर्म आणि शासन यांच्यातली 'भिंत' हा शब्द तिथले राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या १८०२ च्या पत्रातला, संविधानातला नव्हे. १९४७ च्या एव्हरसन खटल्यापासून ते बंधन राज्यांनाही लागू झालं, आणि १९६२ व १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांमधली शाळेने घेतलेली प्रार्थना आणि बायबलवाचन बंद केलं. त्यातल्या १९६३ च्या निकालात मॅडलिन मरे यांचा खटलाही होता, आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन एथिइस्ट्स ही संघटना काढली. पण लक्षात घ्या, हे सगळं *सरकारी* शाळांपुरतं आहे. तिथल्या खासगी शाळेत चॅपल सक्तीचं असू शकतं. तुमची शाळा खासगी. म्हणजे तुमच्या बाबतीत भारताचं कलम २८(३) अमेरिकेपेक्षा जास्त देतं! वर २०२२ च्या केनेडी निकालात तिथल्या न्यायालयाने सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या प्रशिक्षकाच्या बाजूने कौल दिला, तोही समोरचा वकील काढेल.

आपल्याकडे भिंत नाहीच. संविधानाच्या कलम २९०-क मध्ये त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये द्यायची तरतूद आहे. शिर्डी आणि सिद्धिविनायक न्यास राज्याच्या स्वतंत्र कायद्यांनी चालतात. दुसऱ्या बाजूने, १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत सदस्य ह. वि. कामथांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करायची दुरुस्ती मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. आपली व्यवस्था या दोन्हीच्या मधली आहे. सरकार धर्मात हात घालतं, पण सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य कलम २५ मध्ये व्यक्तीला दिलंय, आणि न मानण्याचं स्वातंत्र्य त्यातच येतं. नास्तिकांचं काम या व्यक्तीच्या बाजूने केलं तर पुढे सरकतं. उद्देशिकेतल्या 'धर्मनिरपेक्ष' शब्दावर किंवा ५१-क(ज) मधल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या कर्तव्यावर सगळा अर्ज उभा केला की अडकतं. मूलभूत कर्तव्यं थेट न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत.

एक धोक्याची सूचना. शाळेच्या पालक ग्रुपवर या विषयावर देवाधर्माची टिंगल करणारं एक अक्षर टाकू नका. आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे, जुन्या दंड संहितेतलं २९५-क. त्यात हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने भावना दुखावणं सिद्ध व्हावं लागतं, पण तक्रार व्हायला तेवढं लागत नाही. आणि तक्रार झाली की तुमचा साधा अर्ज बाजूला पडतो.

---

पांडवकडा

सगळ्यांचे आभार. यूडायस पाहिला, २७२४ च निघाला.

उपप्रश्न दोन. शाळेच्या नोंदीत 'धर्म' रकान्यात 'नाही' लिहून घेता येईल का? आणि शाळेने उत्तरच दिलं नाही तर पुढे?

---

घोडबंदरवाला

पुढचं आधी. १५ दिवस थांबा. मग त्याच अर्जाची शिक्क्याची प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत विभागीय शिक्षण उपसंचालक, मुंबई यांना. आणखी महिन्याने माहिती अधिकारात विचारा की अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. विनाअनुदानित शाळेला थेट माहिती अधिकार लावायला गेलात तर वाद होतो. शिक्षणाधिकारी कार्यालयाला मात्र तो निर्विवाद लागू आहे. १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात ही शब्दमर्यादा आहे आणि लांब अर्ज त्यावरच परत पाठवतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. समांतर तक्रार राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे करता येते, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३१ खाली. मुलीला चिडवणं, वेगळं बसवणं, सगळ्यांसमोर बोलणं असं काही सुरू झालं तर कलम १७ मध्ये मानसिक त्रासालाही बंदी आहे. तेव्हा तारीखवार नोंद ठेवा.

वकिलाची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री किंवा बालक अर्जदार असेल तर मोफत मदतीला उत्पन्नाची अट नाही. म्हणून तिथला अर्ज आईच्या नावाने करा. हेल्पलाइन १५१००.

---

उपवन

धर्माचा रकाना : रणजित मोहिते विरुद्ध भारत सरकार, मुंबई उच्च न्यायालय, सप्टेंबर २०१४. कोणत्याही सरकारी प्राधिकरणाला नागरिकाला धर्म सांगायची सक्ती करता येत नाही, आणि 'धर्म नाही' असं सांगायचा हक्क आहे. ऑनलाइन यादीत पर्याय नसेल तर शाळेकडून 'इतर' निवडून घ्या आणि जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) लेखी अर्ज लावून घ्या.

पण घाई करू नका. जात पडताळणी समिती शाळेच्या नोंदी बारकाईने बघते. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे. त्या प्रवर्गातल्या कुटुंबाने 'धर्म नाही' लिहिलं तर पुढे वैधता प्रमाणपत्राच्या वेळी नाकीनऊ येतील. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. जातीचा रकाना कोरा ठेवणं तर सगळ्याच राखीव प्रवर्गांना महागात पडतं. शाळा सोडल्यावर दाखल्यातली नोंद बदलणं फार अवघड, म्हणून काय ठेवायचं ते आत्ताच ठरवा.

आणि 'धर्म नाही' लिहिलं म्हणून वारसा-विवाहाचा कायदा बदलत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २ मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नसलेल्या जवळपास सगळ्यांना लागू होतं. पक्का नास्तिकही त्यात येतो.

---

पांडवकडा

संमती नाकारल्याचा अर्ज दरवर्षी नवा द्यायचा का?

---

घोडबंदरवाला

गरज नाही, एकदा दिलेला चालतो. पण वर्गशिक्षक बदलतात आणि जुनी फाइल कुणी उघडत नाही. जूनमध्ये शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स नव्या वर्गशिक्षकांना द्या, डायरीत चिकटवून. मुख्याध्यापक बदलले तर मात्र नवा अर्ज, नवा आवक क्रमांक.